पडघ्याच्या पुढे तापणारी गाडी

बाळकुम, सोमवार, मार्च १९९१

आज सकाळी पूजा आटोपून गाडी घेऊन पुन्हा नौपाड्याला विलास मेकॅनिककडे गेलो. रेडिएटर साफ झाला, थर्मोस्टॅट बदलला, फॅनबेल्टही नवा. तरी ठाण्यात नीट चालणारी गाडी पडघ्याच्या पुढे गेली की उकळतेच. उद्या नाशिकहून लेकीला, सुमनला, बाळंतपणासाठी आणायचं आहे. सातवा महिना. भर उन्हात तिला रस्त्याच्या कडेला कसं बसवू?

मी थकून विचारलं, "अरे, आता राहिलं तरी काय?"

विलास बॉनेट उघडेना. पुढच्या जाळीवरच्या पाटीकडेच बघत राहिला. आई एकवीरेची पाटी, मीच हौसेने जाळीभर मोठी करून लावलेली.

"काका, वारा आत जायला जागाच नाय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"देवीला काढा म्हणून मी सांगू? मला पण पोरंबाळं आहेत."

हसावं की रागवावं? घरी हिला सांगितलं, तर म्हणाली, "अहो, ऐन बाळंतपणाच्या तोंडावर देवीला हलवायचं?" दुपारभर डोक्यात तेच. ती पाटी. देवी कशाला वारा अडवील? अडवला तो माझ्या हौसेने.

ऊन उतरायच्या आत हात जोडले आणि स्क्रू काढले. पडघ्याच्या पुढे पार शहापूरपर्यंत गाडी पळवून आलो. तापमानाचा काटा मध्यावरच राहिला. मग पाटी पुसून मागच्या सीटवर ठेवली, सुमन बसेल तिच्या शेजारी.