चतुर्थी शनिवारी नसते

१० ऑगस्ट, रविवार. आल्मेरे, नेदरलँड्स.
आजपासून रोज थीसिसची दोन पानं. विषय फ्लाकियस. सोळाव्या शतकातला लुथरपंथी पंडित, एक नंबरचा भांडकुदळ. कॅथलिक बादशहाच्या धाकाने बाकीचे पंडित म्हणाले, पाद्र्यांचे झगे, विधी, सणवार या किरकोळ गोष्टी, सोडून द्या. हा म्हणाला, धाक असतो तेव्हा काहीच किरकोळ नसतं. गुरूशीसुद्धा भांडला. याला म्हणतात कणा.
तेवढ्यात इथल्या मराठी मंडळाचा मेसेज. गणपती तीस तारखेला, शनिवारी, कारण हॉल तेव्हाच मोकळा. चतुर्थी सत्तावीसला, बुधवारी! अध्यक्ष शैलेंद्र आयटीवाला आहे. त्याला देव म्हणजे मीटिंग वाटते, रीशेड्यूल केली की झालं.
पानं शून्य. उद्या चार.

१२ ऑगस्ट.
ग्रुपवर सविस्तर लिहिलं. तिथी, शास्त्र, फ्लाकियस. खाली अंगठ्यांची रांग लागली. नंतर कळलं, ते अंगठे शैलेंद्रच्या ‘पार्किंग फ्री आहे’ला होते. मेंढरं.
ऋजुता म्हणाली, भांडायला घरात मी आहे ना, बाहेर कशाला जातोस? आणि गुंजन स्तोत्र म्हणणार आहे, तेवढं ध्यानात ठेव. आमची गुंजन आठ वर्षांची. स्तोत्र मीच शिकवलंय. असे स्वच्छ उच्चार त्या मंडळात एकाचेही नाहीत. ती म्हणते, बाबा, तू पुढे बस, म्हणजे मला भीती वाटणार नाही. बघू म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१७ ऑगस्ट, रविवार.
शैलेंद्र घरी आला. सोबत स्ट्रोपवाफल बिस्किटांचा पुडा. लाच. म्हणे, लोक थेट ब्रेडाहून येतात, बुधवारी सुट्टी कोण देणार? मी त्याला फ्लाकियस सांगितला. येनाच्या विद्यापीठातून हाकलला, अँटवर्पला आला, तिथूनही पळावं लागलं, पण तसूभर हटला नाही. शैलेंद्र विचारतो, मग शेवटी सेटल कुठे झाला?
माठ. अरे, कुठेच नाही, तोच तर मोठेपणा! शेवटी मित्रसुद्धा दारात उभे करेनात, फ्रँकफुर्टला एका मठातल्या बाईने आसरा दिला. हे ऐकून ऋजुता उगाचच हसली.
निर्णय: माझं वेगळं मंडळ. तिथीनिष्ठ.

२१ ऑगस्ट.
इथल्या बेस्ट नावाच्या गावी राहणाऱ्या कुशलला फोन केला. इंजिनिअर आहे, जरा विचार करणारा. म्हणाला, शंभर टक्के तुझ्या बाजूने, नक्की येतो, फक्त शनिवारी ठेव.
सभासद सध्या एक. फ्लाकियसही एकटाच होता.
प्रोफेसरबाईंची मेल, तिसरं प्रकरण महिनाअखेर हवंच. डच माणसाला घाई फार. फॉन्ट बदलला.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी!
ऋजुता ऑफिसला, गुंजन शाळेत. एकट्याने पूजा केली. आरतीला ताम्हन धरू की टाळ्या वाजवू, कळेना. पण समाधान काय वर्णावं. पुण्याला वासुदेवकाकांना फोन लावला. त्यांचा पंचांगाचा अभ्यास दांडगा. म्हटलं, शाबासकी तरी मिळेल.
काका म्हणाले, “अरे शहाण्या, परदेशात तिथलं पंचांग बघतात. तुमच्याकडे दुपार व्हायच्या आत चतुर्थी संपली. तुझे गणपती काल होते.”
काका आता थकलेत, असं वाटलं. मग हिशोब करून पाहिला. बरोबर निघाला.
तरी मी चुकलो एकाच दिवसाने, शैलेंद्र चार दिवसांनी. तत्त्व कायम.

२८ ऑगस्ट.
ऋजुता म्हणाली, आता तरी येशील ना? येईन. पण निषेध म्हणून शेवटच्या रांगेत. टाळी नाही, प्रसाद नाही, तोंडातून एक अक्षर नाही. चुकीच्या दिवशी देवाचं नाव घेणं म्हणजे शरणागती.

३० ऑगस्ट, शनिवार.
गेलो. हाताची घडी घालून मागे बसलो. गुंजनने सुरुवात छान केली. निम्म्यात अडली. तीच ओळ पुन्हा म्हणाली, पुन्हा अडली. ऋजुताला ते स्तोत्र येत नाही. गुंजनने रांगांमधून मला शोधून काढलं आणि नुसती बघत राहिली. पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. हॉल इतका शांत की मागून हळू म्हटली असती तरी तिला ऐकू गेली असती.
नाही म्हटली.
शैलेंद्र उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि ओळ सांगितली. उच्चार भयंकर. शेवटपर्यंत तिच्याबरोबर म्हणत राहिला. गुंजन त्याचा हात धरून स्टेजवरून उतरली. टाळ्या.
प्रसाद घेतला नाही. निषेध पूर्ण झाला. मला आज अजिबात बरं वाटत नाहीये.
घरी येताना सायकलवर पुढे-मागे होतो. सिग्नलला गुंजन शेजारी येऊन थांबली आणि म्हणाली, “बाबा, तूपण विसरलास का?”
मी हो म्हटलं.