कुंकू पुसलेली गाडी

२२ ऑक्टोबर २००७, सोमवार

डाव्या हाताने लिहितोय. उजवा गळ्यात बांधलाय. गळ्याखालच्या हाडाला तडा गेलाय म्हणे. अक्षर कसंही येऊ दे, वाचणारा मीच.

काल दसरा. पहाटे पाचपासून मंदिराच्या स्वयंपाकघरात — चारशे पानांचा शिरा, पुरी, बटाट्याची भाजी. मधे बाहेर पार्किंगमध्ये गाड्यांच्या पूजेलाही मीच. चाकाखाली लिंबू ठेवा, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढा, पुढे झेंडूची माळ बांधा. एकशे बारा गाड्या. माळा आदल्या दिवशी मीच ओवलेल्या.

साडेसातला सायकल काढली. खोली अडीच मैल. अंधार पडलेला. मोठ्या रस्त्याला फुटपाथ नाही, कडेच्या पांढऱ्या रेघेवरून चालवतो, तीन वर्षं तशीच चालवतो. मागून गाडी आली आणि मी गवतात.

पडल्या पडल्या मान वळवली. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. म्हणजे ब्रेक दाबला. एक, दोन, तीन — मोजलं मी. मग दिवे विझले आणि गाडी गेली.

न बघता गेला असता तर सोडून दिलं असतं. हा थांबला, विचार केला आणि गेला. त्या तीन सेकंदांत काय विचार केलास ते तुझ्या तोंडून काढणार. नाव कळू दे फक्त.

सायकलचा पुढचा दिवा चालू होता. मागची लाल काच फुटलेली, हे खरं. म्हणून काय मारून जायचं?

२३ ऑक्टोबर

स्वेटरच्या टोपीत झेंडूच्या पाकळ्या सापडल्या. आणि मॅग्नोलियाचं अर्धं पान, मधोमध दुहेरी दोरा. इथं अमेरिकेत आंब्याची पानं मिळत नाहीत म्हणून मी ती घालतो. दुसरं कोणी घालत नाही.

माळ माझीच. गाडी मंदिरातलीच.

२५ ऑक्टोबर

राजीवकाका स्वयंपाकघरात आले. कमिटीचे सेक्रेटरी. व्हिसाचं पत्र दर वर्षी त्यांच्या सहीने जातं. खांद्याकडे बघितलं नाही, पातेल्याकडे बघत बोलले.

"पोलिसांत वगैरे जाऊ नकोस हं. तुझा व्हिसा धार्मिक कामाचा. उगाच भानगड."

"गाडीवाला सापडला तर?"

"कसा सापडणार? आणि तुझी पण चूक आहेच ना. अंधारात काळा स्वेटर घालून."

काळा होता हे यांना कोणी सांगितलं? तो स्वेटर मी निघतानाच चढवला होता, आणि त्या दिवसापासून खोलीवरच आहे.

सरलाकाकू, त्यांची बायको, मात्र रोज येतात. सोमवारी सकाळी मला दवाखान्यात त्यांनीच नेलं, डॉक्टरशी बोलल्या, गोळ्या आणल्या. असल्या माणसाला अशी बायको कशी मिळते कोण जाणे.

२७ ऑक्टोबर, शनिवार

प्रसादाच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल आलंय. त्यावर कागद, पेन, आणि राजीवकाका स्वतः उभे. लोक आधी सही करतात, मग माझ्याकडे शिऱ्याला येतात. कागद कसला ते आसावरीताईंना विचारलं. त्या पुण्याच्या, कंपनीत कॉम्प्युटरवर कामाला, शनिवारी वाढायला येतात.

"गावाच्या कौन्सिलला अर्ज आहे रे. सूर्यास्तानंतर मोठ्या रस्त्यावर सायकलला बंदी. सापडली तर पोलिसांनी जप्त करायची."

"मग मी घरी कसा जाणार?"

"तेच म्हटलं मी त्यांना. तर म्हणे, तो खाली कोठीच्या खोलीत झोपू शकतो की."

कोठीची खोली! तांदळाच्या पोत्यांत. सकाळी उठलो की भट्टी, रात्री पाठ टेकली की भट्टी. अडीच मैलांचा तो रस्ता सोडला तर दिवसात माझं स्वतःचं काय आहे? गाडीच्या लायसनच्या लेखी परीक्षेत दोनदा उडालोय. आठवी शिकलेल्या माणसाला ते प्रश्नच कळत नाहीत.

त्र्याण्णव सह्या झाल्या. मी त्र्याण्णव जणांना शिरा वाढला.

२८ ऑक्टोबर, रविवार

सापडला.

या वर्षी इथं दुष्काळ. घरी गाडी धुवायला सरकारची बंदी. दुकानात धुवून मिळते, पण दसऱ्याचं कुंकू मुद्दाम कोण पुसतं? आज आरती चालू असताना पार्किंगमध्ये फिरलो. प्रत्येक बॉनेटवर माझं स्वस्तिक. वाळलेलं, फिकट, पण आहे.

एक चंदेरी गाडी लख्ख. कुंकवाचा डागसुद्धा नाही. उजवा हेडलाइट कोरा करकरीत, डावा जुना, पिवळा पडलेला. माळ बांधायच्या जागी नवा बंपर.

राजीवकाकांची.

तिथंच उभा राहिलो. आतून घंटा ऐकू येत होती. दगड उचलला होता. परत ठेवला. काच फोडून काय होणार — काच बदलून मिळते.

३१ ऑक्टोबर

राजीवकाकांच्या शिऱ्यातले काजू काढतो. भाजीत त्यांच्या वाटणीला मिरच्यांचे देठ. काल ठसका लागला तर पाणी मागत होते. ऐकू आलं नाही असं केलं.

एवढ्याने पोट भरत नाही पण.

१ नोव्हेंबर

मातेओने मागचं चाक सरळ करून दिलं. माझ्या खोलीतला जोडीदार, घरांच्या छपरांवर काम करतो. ग्वाटेमालाचा, पण सगळे मेक्सिकनच म्हणतात, मीही. चाक फिरवून बघताना म्हणाला, मला पण उडवलंय, दोनदा, याच रस्त्यावर. पँट वर करून वण दाखवला. कोणी थांबलं का म्हणून विचारलं तर हसला.

त्या लोकांना सवय असते. मला नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली. आता पावणेसहालाच अंधार. माझं काम सुटतं सातला. म्हणजे तो कायदा झाला तर थंडी संपेपर्यंत एक दिवस पण सायकल नाही.

दिवा लावा म्हणा, लावतो. चमकणारं जाकीट घाला म्हणा, घालतो, मागची लाल काच पण नवी बसवलीय. नियम करा की! नियमाला माझी ना नाही. पण ज्याने उडवलं तोच नियम लिहिणार, आणि ज्याला उडवलं त्याची सायकल जप्त?

९ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

चकल्यांच्या घाण्यापाशी आसावरीताई म्हणाल्या, "एकोणीसला कौन्सिलची सुनावणी आहे. कोणीही उठून बोलू शकतं. तीन मिनिटं. तू बोल."

"इंग्लिश?"

"दुभाषी नेता येतो, मग वेळ दुप्पट. मी येईन, पण ऑफिसमधून यायला उशीर होईल. दुसरं कोणीतरी बघून ठेव."

दुसरं कोणीतरी. झारा हातात धरून उभा राहिलो, चकली करपली.

सरलाकाकू. त्या मंदिरातल्या पोरांना मराठी शिकवतात, इंग्लिश फाडफाड. माझी वाक्यं त्या सांगणार, सगळ्या गावासमोर, नवऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने. आधी काही सांगायचंच नाही. माइकपाशी गेल्यावर म्हणायचं: मला मारणारी गाडी या बाईंच्या नवऱ्याची.

इतकं गोड फराळाचं पण लागलं नाही कधी.

१३ नोव्हेंबर

काकूंना विचारलं. दुधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवत होत्या. बराच वेळ फ्रिज उघडाच.

"काय बोलणार आहेस तू?"

"झालं ते. जसं झालं तसं."

"माझे मिस्टर तिथं दुसऱ्या बाजूने बोलणार आहेत, माहितीये ना तुला?"

"म्हणून तर विचारलं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल काकू."

"नाही म्हणत नाही रे. येईन मी. तू जे बोलशील ते तसंच सांगेन, एक शब्द गाळणार नाही. शपथ हवी का?"

मी म्हटलं नको. शपथ घ्यायला लावली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

१८ नोव्हेंबर

आरशापुढे सात वेळा बोललो. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

१९ नोव्हेंबर, सोमवार

झालं.

हॉल लहान, आपल्याकडच्या शाळेच्या वर्गाएवढा. वर टेबलाला पाच जण. माइकजवळ हिरवा, पिवळा, लाल दिवा, बोलायची वेळ दाखवायला. राजीवकाका सूट घालून आधी बोलले. मला तुटक कळलं — दिसत नाहीत, लाइट नाही, आमची मुलं गाडी चालवतात, उद्या कोणी मेलं तर. लोकांनी माना डोलावल्या.

मग माझं नाव. काकू शेजारी उभ्या. मी बोलायचो, त्या सांगायच्या. दसरा. माळा. अडीच मैल. ब्रेकचे दिवे लागले, तीन सेकंद. मॅग्नोलियाचं पान खिशातून काढून दाखवलं. नंतर कुंकू, हेडलाइट. काकूंचा आवाज सरळ, वर्गात शिकवतात तसा.

मग मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "ती गाडी या बाईंच्या नवऱ्याची आहे. ते तिथं बसलेत, निळ्या टायमध्ये."

दिवा पिवळा झाला. मला वाटलं काकू आता अडकतील, दुसरंच काहीतरी सांगतील. पण नाही — माय हजबंड, असं स्पष्ट म्हणाल्या. हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वळल्या. राजीवकाकांचं तोंड! भट्टीवरचं दूध नासताना दिसतं तसं. या एका तोंडासाठी महिनाभर जगलो मी.

माझं संपलं होतं, पण काकू थांबल्या नाहीत. मधल्या खुर्चीतल्या माणसाने काहीतरी विचारलं. काकूंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि बोलत राहिल्या. दिवा लाल झाला तरी. राजीवकाका उठून "सरला, बस" म्हणाले, मराठीत. त्यांनी बघितलं पण नाही. वरच्या एका बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

नवऱ्यासाठी रडगाणं, आणखी काय. ऐकायला थांबलो नाही. निम्म्यातून बाहेर आलो, सायकल काढली, चमकतं जाकीट घातलं, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेने नाही — मधून आलो. मागे गाड्या हळू झाल्या. होऊ देत.

नंतर आसावरीताईंचा फोन. त्या मागच्या खुर्चीवर होत्या म्हणे, मी निघताना हाक मारली होती. कायदा पुढे ढकलला. बंदीचा कागद बाजूला, दिवे आणि जाकिटाचं तेवढं बघणार. "बाकीचं उद्या भेटून सांगते," म्हणाल्या. बाकीचं मला काय करायचंय. जिंकलो. व्हिसाचं पत्र दिलं नाही तर नाही.

२० नोव्हेंबर

आसावरीताई सकाळी ऑफिसला न जाता इकडे आल्या. काकू शेवटी काय म्हणाल्या ते सांगितलं.

"गाडी हेच चालवत होते. ब्रेक दाबून उतरणार होते. मी हात धरला, म्हटलं चला. अंधारात मला वाटलं, कोणी मेक्सिकन असेल."

संध्याकाळी खोलीवर आलो. मातेओने माझ्यासाठी भात ठेवला होता. काल कसं झालं म्हणून विचारत होता.

त्याला सांगितलं नाही.