ठमीचा होकार

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलाआड उभी राहून वाचलं. गल्ल्यावर फोन, फोनशेजारी दादा, म्हणून तर आपल्या नशिबी अजून ही पत्रं! आणि म्हणूनच हॉस्पिटलवाल्यांना मी तुझा नंबर दिलाय. नोकरी त्यांच्या धुलाई विभागाच्या देखरेखीची, शिवाय राहायला खोली. मुलाखतीला तिथल्या बाईंनी एक चादर घडी घालायला लावली. मी घाबरून ती उगाच दोनदा झटकली, तर त्या हसल्या.

फोन आला की मला एका ओळीने कळव. दादाला मी स्वतःच सांगणार आहे. वाक्य रोज घोकते. शर्टाची कॉलर दाबताना अगदी झकास जमतं, तो समोर आला की मी पुढचा शर्ट ओढते. एवढी घोडी झाले, तरी! बाबा गेल्यापासून मी त्याच्या लॉन्ड्रीत उभी आहे. मला हे हवंय का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. या वेळी बोलेन.

तुझी माया आहेच, जोडीला थोडा धीरही पाठव.
तुझी ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

अगं, नोकरी मिळाली! काल फोन आला. त्यांना लगेच उत्तर हवं होतं, म्हणून तुझ्या वतीने मीच हो म्हणून टाकलं. मग विचार केला, तू काही दादासमोर तोंड उघडायची नाहीस, तेव्हा त्यालाही मीच फोन लावला. तुला मी पुरती ओळखते. शाळेतले तुझे शिवणाचे रुमाल कोण पुरे करायचं? तू दोन टाके घालून रडत बसायचीस.

दादा म्हणाला, ठरवलंयत ना, मग मला कशाला सांगता. बघ, किती सोपं झालं! हे म्हणतात, ठमी गेली की दादा स्वतःच चुरगळलेल्या शर्टात फिरणार.

आता तरी खंबीर हो. आपलं आयुष्य आपणच हातात घ्यावं लागतं, बाई, कोणी आणून देत नाही.

रागावलीस तरी उत्तर टाकायचं चुकवू नकोस.
तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच सगळं कळलं. तू दादाला फोन केलास, त्याच दिवशी मी सांगायचं पक्कं केलं होतं. शटर ओढून झालं, वहिनी आत गेली, मी हात पुसून दादासमोर उभी राहिले, तर तोच म्हणाला की ताईचा फोन होता, तुझं जायचं ठरलंय म्हणे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फार अपमान वाटला, ताई. तू माझ्या भल्यासाठीच केलंस, त्यामुळे तुझ्याशी धड भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून हॉस्पिटलला फोन करून नाही म्हणाले. वेडेपणा आहे, तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण माझ्या हातात तेवढंच उरलं होतं.

मनात अढी धरू नकोस, माझी तूच आहेस.
ठमी

१८ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं डोकं फिरलंय का? मी दिवसभर रडले आणि मग हॉस्पिटलला फोन केला. ती तापाच्या भरात काहीतरी बोलली, असं सांगितलं. बाई भल्या आहेत, सोमवारपर्यंत जागा ठेवतील. तू फक्त जाऊन हजर हो. मी न्यायला येऊ का? हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं, पण राहू दे.

माझं चुकलं असेल तर पोटात घाल.
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वेळेत मिळालं होतं, टपालाला बोल लावू नकोस. सोमवारी सकाळी बॅगही भरली होती. मग वाटलं, तिथे पोचल्यावर बाई तापाची चौकशी करणार आणि पहिल्याच दिवशी मला तुझी थाप निभवावी लागणार. तशीच पलंगावर बसून राहिले. जागा आता दुसऱ्या कुणाला दिली, मी विचारून घेतलं. पुन्हा अशी मिळेल असं मला वाटत नाही.

काल मात्र दादाला सांगितलं. जायला कुठे उरलं नव्हतं, तरी सांगितलं. मला या दुकानात राहायचं नाही, कधीच नव्हतं, असं स्पष्ट, न अडखळता बोलले. तो हँगर लावत होता. बरं, म्हणाला. मग विचारलं, हॉटेलचे पडदे झाले का. मी म्हटलं, झाले.

खरंच झाले होते, ताई.

लिहीत जा, पण माझ्यासाठी काही करू नकोस.
तुझी ठमी