एका स्कूटरच्या तीन किल्ल्या

बिबवेवाडी, पुणे
रविवार

तीर्थस्वरूप दाजी यांस,

उत्तरेश्वरचा पायांवर डोके ठेवून नमस्कार (पाय हडपसरला आणि डोके बिबवेवाडीला असल्यामुळे तूर्त कागदावरच).

आपला गुडघा कसा आहे? रुपालीताईने आणलेले तेल लावता, की तिला नुसती बाटली दाखवता? स्वरालीला मामाचे आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे; फक्त जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि दारावर थाप पडली की मी आधी दोन्ही हात वर करतो. फोन न करता पत्र लिहून हातोहात पाठवतो, कारण फोनवर आपण "तू गप्प बस, मी बघतो" म्हणता. आणि मागच्या खेपेला आपण बघितलेत म्हणूनच ही वेळ आली आहे.

स्कूटर गेली तो प्रसंग आपणास ठाऊक आहे, पण तेव्हा मी रडत सांगितल्यामुळे क्रम चुकला होता, म्हणून पुन्हा लिहितो. पेठेतल्या एका गल्लीत मी पाण्याचा फिल्टर बसवायला गेलो होतो. तिथे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावाव्या लागतात. मी पडलो नियमाने चालणारा माणूस. टपरीवरच्या वर्तमानपत्रात तारीख पाहिली आणि मगच गाडी लावली. (वर्तमानपत्र आदल्या दिवसाचे होते, हे मागाहून कळले.) तारखेच्या विचारात किल्ली मात्र गाडीलाच राहिली. काम आटोपून खाली येतो तो गाडी नाही! समोरच्या फाटकावर 'दुपारी एक ते चार आवाज करू नये' अशी पाटी असल्यामुळे मी हळू आवाजात "चोर, चोर" असे म्हटले आणि चौकी गाठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार संभाजीराव पंचनाम्याला आले. भला माणूस. गाडी कुठे होती ते मी बोट ठेवून दाखवले. लिहायला काही टेकू नव्हता, म्हणून जवळच फुलाफुलांची चादर घातलेली कोणाची तरी गाडी उभी होती, तिच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी पंचनामा लिहिला. चादर सरकू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरून उभा होतो. (ही चादर कृपया लक्षात ठेवावी.)

मग चोरीच्या दाव्यासाठी विमा कंपनीने दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या. माझ्याकडे एकच. किल्ली गाडीला राहिली असे खरे सांगितले, तर निष्काळजीपणा म्हणून दावा अडकेल, असे आपण म्हणालात. आपण स्वतः विमा एजंट, माझी पॉलिसीही आपणच काढलेली; मी ऐकले. "आहे तिच्यावरून एक करून घे. त्यांना काय, दोन मोजायच्या," हे आपले शब्द. किल्ली करून घेतली, पण ती नव्या नवरीसारखी चमकत होती. म्हणून मी ती विटेवर घासली, चहाच्या पाण्यात उकळली आणि तुळशीच्या कुंडीत पुरून ठेवली. कंपनीच्या तपासनीस नीरजा मॅडम आल्या. त्यांनी किल्ली उजेडात धरून विचारले, "गाडी तीन वर्षांची आणि किल्ली शिवकालीन कशी?" मी म्हणालो, "मला घाम फार येतो." तो त्या वेळी येतच होता, तेवढे खरे.

गेल्या मंगळवारी त्याच घरी फिल्टर गळतो म्हणून बसने गेलो. गल्लीत एक वयस्कर गृहस्थ फुलाफुलांच्या चादरीतली स्कूटर रस्ता ओलांडून ढकलत होते. मी संस्काराने हात लावला. अर्ध्या रस्त्यात वाऱ्याने चादर उडाली, तर खाली माझाच नंबर! हे श्यामसुंदरराव, त्या पाटीचे मालक. त्या दिवशी गाड्या उचलणारा टेम्पो आला, म्हणून त्यांनी माझी गाडी योग्य बाजूला नेली. तेव्हापासून रोज तारीख पाहून इकडून तिकडे नेतात. "पोलिसांना का नाही कळवले?" असे विचारले, तर म्हणाले, "हरवली तुमची, शोधायचं मी? आणि पंचनाम्याला यायची ही वेळ? माणसं झोपलेली असतात."

दाजी, चोरी झाली असे मला मनापासून वाटले होते. पण आता गाडी समोर, मूळ किल्ली तिला लटकलेली, आणि दोन किल्ल्या कंपनीत. स्कूटर एक, किल्ल्या तीन! विम्याचे पैसे हातचे जाणार, हे माहीत असूनही सदसद्विवेकबुद्धी स्वस्थ बसू देईना. काल कंपनीत जाऊन दावा मागे घेतला आणि किल्लीचेही सांगून टाकले. मॅडम म्हणाल्या, "चुकून मागितलं, ते समजू शकते. पण किल्ली उकळलीत ना, तिथे विश्वास संपला. गाडी खरोखर चोरीला गेली असती, तरी या किल्लीपायी तुमचा खरा दावासुद्धा बुडाला असता." आपले नाव मी घेतले नाही. निश्चिंत असावे.

आपला आज्ञाधारक (यापुढे विचार करून),
उत्तरेश्वर

ता. क. १ : नाव घेतले नाही हे खरे, पण किल्ली कोणी सुचवली असे विचारल्यावर "एका हितचिंतकाने" म्हणालो. कोण हितचिंतक? म्हणालो, मेहुणे. मेहुणे आणि एजंट ही दोन वेगळी माणसे आहेत का? इथे मला खोकला आला. मॅडमनी पाणी दिले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. उद्या अकरा वाजता त्यांनी आपणास बोलावले आहे. कृपया खरे तेच सांगावे. खोटे मला पाठ होत नाही. ताईला मात्र आपणच सांगा. मला तिची भीती कंपनीपेक्षा जास्त वाटते.

ता. क. २ : वर सदसद्विवेकबुद्धीचा उल्लेख आहे, तो जरा वाढीव आहे. श्यामसुंदररावांनी विचारले, "विमा मागितलात? मग ही गाडी तुमची की कंपनीची? ठरवून या," आणि किल्ली खिशात घातली. दावा मागे घेतल्याचा कागद आणि तिसरी किल्ली सुचवणारा माणूस, दोन्ही पाहिल्याशिवाय ते गाडी देत नाहीत, आणि गाडीशिवाय माझा मालक मला कामावर ठेवणार नाही. तरी कंपनीतून तसेच पेठेत यावे. एकच्या आत.

ता. क. ३ : आपली गाडी लावताना तारीख ताज्या वर्तमानपत्रात पाहावी आणि किल्ली काढून घ्यावी. श्यामसुंदररावांनी दुसरी चादर धुऊन ठेवली आहे.