स्क्रम जे सांगत नाही

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच असते, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. दिवसभर कानात माणसं बोलत असतात. लॅपटॉप मिटला की फक्त पंखा ऐकू येतो.

कॉलेजची लॅब. माझा पेपर हातात धरून तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या आहात. सॉफ्टवेअर तयार करायच्या पद्धती लिहा म्हटल्यावर मी वॉटरफॉल, स्क्रम आणि त्यांच्याच रांगेत आयटिल, कोबिट लिहून मोकळी झालेय. एरवी तुम्ही पुस्तकी बोलायचात, पण चिडलात की तुमच्या दुधनी गावची बोली बाहेर यायची. "अगं, बनवायचं कसं ते स्क्रम सांगतंय. बनवल्यावर सेवा नीट चालवायची कशी, ते आयटिल. आन् निर्णय कुणाचा, जाब कुणाला इचारायचा, ते कोबिट. समदं एकाच पोत्यात भरतीस व्हय?" वर्ग हसला, मला रडू फुटलं. सुट्टीत तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावून डबा पुढे केलात. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. "खा की. राग उत्तरावर हाय, तुज्यावर न्हाय." घर सोडून हॉस्टेलवर आल्यापासून मला असं समोर बसवून कुणी खाऊ घातलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आमच्या टीमने केलेल्या एका बदलामुळे एका दवाखान्याचं सॉफ्टवेअर सकाळभर बंद पडलं. मीटिंगमध्ये साहेब माझ्या एका सहकारी बाईवर सगळं ढकलायला लागले. "आपण स्क्रम पाळतो, म्हणजे नियम आहेतच. हिनेच मोडले." तिची नोकरी जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. मी माइक चालू केला. "सर, स्क्रमप्रमाणे तिचं काम चोख आहे. पण तो बदल दवाखान्यात चालू करायला परवानगी कुणी द्यायची, हे स्क्रम सांगत नाही. आणि ते आपण कधी ठरवलंच नाही."

तिची नोकरी राहिली. परवानगी देणारा माणूसही आता नेमलाय. मला मात्र साहेब मीटिंगला बोलवत नाहीत. तिचा 'थँक्स' एवढाच मेसेज आला. त्या संध्याकाळी कुणाला तरी सांगावं म्हणून फोनमधली नावं वरखाली केली आणि फोन ठेवून दिला.

हे पाठवणार तरी कुठं? पण एक सांगते, मॅडम. हा विषय मला कधीच आवडला नाही. तुम्ही शिकवायचात, म्हणून मी वर्गात येऊन बसायचे.