दाराजवळची जागा

प्रिय हिल्का,

मी तळ्यावर सुखरूप पोचलो. शेजारची सिर्पा तुला औषध वेळेवर देते ना? तिला त्रास नको देऊस, थोडं तरी सूप पीत जा.

बोटीच्या इंजिनातलं पाणी काढलं, म्हणजे थंडीत ते गोठून इंजिन तडकणार नाही. बॅटरी काढली, तळ घासला.

हिवाळ्यात बोटी ठेवून घेणारा शेडवाला आर्मास होता तसाच आहे. म्हणाला, "काय म्हाताऱ्या, सप्टेंबरातच कुडकुडलास? तुझी बोट सगळ्यांत शेवटी आत घेतो. दाराजवळ राहील, मेमध्ये बर्फ वितळला की पहिली बाहेर. वहिनींना कुठला धीर!"

मी म्हटलं, "मागच्या भिंतीकडे ढकल." तिथल्या बोटी जूनअखेर निघतात. आम्ही दोघांनी मिळून बोट आत ढकलली.

दाराजवळचीच जागा घ्यायला तू बजावलं होतंस आणि मी हो म्हणालो होतो. रागावू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनी ऐकलंय. मे महिन्यात मला बोट एकट्याने पाण्यात सोडायची नाही.

शुक्रवारच्या बसने येतो. खिडकी लावून झोप.

तुझाच,
ताउनो