भिजवणीचं पाणी

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रजा संपवून परत गेलीस त्याच दिवशी मी मिठाची बरणी धुऊन उपडी घातली. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं, की अण्णांचं हृदय थकलंय, मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साठतं आणि ते फुप्फुसात चढलं तर पुढचं काही आपल्या हातात राहणार नाही. मी ते पक्कं लक्षात ठेवलंय. पण मीठ गेलं तशी अण्णांची भूकही गेली.

बाजारात बिनमिठाचा पाव मिळत नाही, म्हणून मी तो घरीच भाजतो. अण्णा एक तुकडा तोंडात घोळवत बसतात आणि म्हणतात, की बसच्या सीटमधला कापूससुद्धा याहून चवदार असेल. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यांना ठाऊक असणार! भाजी पुढे केली की ताटाला हात जोडतात. त्यांची पँट मी दोनदा कमरेत आत घेतली. आता आणखी घेतली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटतील.

हसू नकोस. मला रडू येतंय म्हणून असं लिहितोय. डॉक्टरीणबाई म्हणतात की असंच चाललं तर अशक्तपणानेच ते जातील. म्हणजे खाल्लं तरी भीती आणि नाही खाल्लं तरी भीती. तू एवढ्या मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात असतेस, काहीतरी सुचव. आमच्या शिवणाच्या दुकानातला फोन मालकांनी गिऱ्हाइकांपुरता ठेवलाय आणि तुमच्याकडे कामाच्या वेळी कुणाला फोनवर बोलावत नाहीत, म्हणून पत्राचीच वाट बघतो.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
बटण


९ मार्च

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भाज्या चिरायच्या टेबलाखाली बसून वाचलं. आमच्या मोठ्या आचाऱ्यांनी बघितलं आणि माझ्या वाटणीचे कांदे स्वतः चिरले. तुझ्या ताईला इथे एवढा मान आहे, तेवढा तरी तूही ठेव आणि आता सांगते ते नीट कर.

अण्णांना ग्रीक सॅलड करून दे. मी ते रोज करते, झोपेत सांगितलं तरी करीन. टोमॅटो पिकलेले आणि रसाळ घे, फ्रिजमध्ये ठेवू नकोस, गारठले की त्यांचा वास मरतो. फोडी मोठ्या कर, एका घासाला एक. तुला कात्रीची सवय, तू सगळ्याच्या चिंध्या करशील, तसं नको. काकडीची साल पट्ट्यापट्ट्यांनी काढ, जाड चकत्या कर. कांद्याच्या पातळ चकत्या थोडा वेळ गार पाण्यात टाक, म्हणजे उग्रपणा जाईल. हिरव्या ढोबळी मिरचीची वर्तुळं. पालेभाजी घालू नकोस, या सॅलडमध्ये पाला नसतो. वर ऑलिव्ह आणि फेटा नावाच्या पांढऱ्या चीजची अख्खी वडी, कुस्करायची नाही, ज्याने त्याने काट्याने मोडून घ्यायची. मग ऑलिव्हचं तेल सढळ हाताने, थोडं व्हिनेगर, आणि वाळलेला ओरेगॅनो तळहातावर चोळून. आंबटपणा आणि वास असला की जिभेला मिठाची आठवण कमी होते.

आता मुख्य गोष्ट. चीज आणि ऑलिव्ह दोन्ही मिठाच्या पाण्यात मुरवलेले असतात. आधी डॉक्टरीणबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तरच आण. चीजची पातळ वडी काप, ऑलिव्हच्या बिया काढून दोन भाग कर आणि रात्रभर साध्या पाण्यात भिजव. मधे दोनतीनदा पाणी बदल. सगळा खारटपणा पाण्यात उतरतो. वरून मीठ अर्थातच नाही.

काय म्हणतात ते लगेच कळव. माझा जीव इथे टांगणीला लागलाय.

तुम्हा दोघांवर माया आहेच.
तुझी,
ताई


१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा जेवले! डॉक्टरीणबाईंनी बोटाएवढ्या चीजला आणि चार ऑलिव्हना परवानगी दिली, तीसुद्धा चांगलं भिजवून. मी आणलेलं सगळं चीज आणि सगळे ऑलिव्ह एकदमच कापून दोन रात्री भिजवले. अण्णांनी आधी ताटाकडे असं बघितलं, जणू कुणी बसच्या दारात आडवी गाडी लावलीय. मग एक टोमॅटो उचलला. मग काकडी. मग काटा ठेवून तेलात बोट बुडवून चाटलं आणि विचारलं, की हे तुझ्या ताईने शिकवलं का. मी हो म्हटलं तर म्हणाले, की मग तिला आधीच का नाही विचारलंस, गाढवा. मला शिवी ऐकून इतका आनंद कधी झाला नव्हता.

आता रोज तेच मागतात. आणि दुसरी गंमत म्हणजे ज्या पावाला कापूस म्हणायचे, तो पावही आवडीने खाऊ लागलेत. सकाळी दोन तुकडे, संध्याकाळी तीन. तुझ्या सॅलडने तोंडाला चव आली ती सगळ्याच जेवणाला आली. मी तो पाव चाखूनही बघत नाही. त्यांनाच पुरत नाही, मी आपला दुकानातच जेवून घेतो.

घरात वायाही काही जात नाही, आईने बघितलं असतं तर खूश झाली असती. तुला आठवतं ना, ती भिजवणीचं पाणी कधी मोरीत ओतू द्यायची नाही, सत्त्व त्यातच असतं म्हणायची. चीजचं ते दुधासारखं पाणी आणि ऑलिव्हचं पाणी मी एका पातेल्यात जमवतो आणि पावाचं पीठ त्यातच मळतो. थेंबही फुकट जात नाही.

वजन वाढतंय, ताई. आत घेतलेली कमर काल मी पुन्हा सैल केली. चपलाही घट्ट होतात म्हणत होते. अंगावर मांस चढलं की पायालाही चढणारच.

तुझे उपकार मानत नाही, तू मोठी आहेस, ते तुझं कामच आहे!
तुझा,
बटण


२१ मार्च

चि. बटणास,
आशीर्वाद.

आधी तार केलीय, ती या पत्राच्या आधी तुझ्या हातात पडली असेल. पडली असू दे. घरी कुणी नसलं तर काय, म्हणून दुकानाच्या पत्त्यावर केली. तारेत मोजकेच शब्द मावतात म्हणून इथे पुन्हा लिहिते. ते पाणी फेकून दे. पाव बंद कर, एक तुकडाही देऊ नकोस. अण्णांना ताबडतोब डॉक्टरीणबाईंकडे ने.

बटण, चीजमधून निघालेलं सगळं मीठ त्या पाण्यात आहे. ते अण्णांच्या पोटात जाऊ नये म्हणूनच भिजवायचं होतं आणि ते तू पावातून त्यांना दिलंस. पाव चवदार लागतोय तो मिठामुळे. ते मांस नाही, पाणी आहे. त्यांच्या पोटरीवर बोट दाबून बघ, खड्डा राहिला तर ते पाणीच.

मला हे पहिल्या वाचनात कळलंसुद्धा नाही. तुझं पत्र मी आनंदाने मोठ्या आचाऱ्यांना वाचून दाखवत होते. पाण्याच्या ओळीवर आले आणि त्यांचा हात थांबला. मग माझंही धाबं दणाणलं.

जास्त लिहीत नाही. पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचंय.
ताई


२१ मार्च, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोन ओळी घाईत लिहितो. अण्णांना सर्दी झालीय असं वाटतं. खोकतात आणि आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं म्हणतात, म्हणून खुर्चीतच उशीला टेकून बसतात. काल जिना चढताना मधेच कठड्याला धरून उभे राहिले आणि इंजिन गरम झालंय म्हणाले.

अशक्तपणा असेल. आज दुपारी भाज्यांचं दाट सूप करून देतो. कालचं भिजवणीचं पाणी पातेलंभर आहेच, त्यात सत्त्वही असेल. डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी जायचंच आहे, तेव्हा दाखवीन.

काळजी नको करूस. मी आहे ना.
बटण


२३ मार्च

ती. ताईस,

परवा संध्याकाळी तार दुकानात आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होतो. मालकांनी वाचून दाखवली. मी टेप गळ्यात तसाच ठेवून पळत घरी गेलो. अण्णा खिडकीशी बसले होते, ओठ निळसर पडले होते, आणि शेजारी सुपाचा वाडगा रिकामा होता. सगळं सूप प्यायले होते. मी केलंय म्हणून.

आता दवाखान्यात आहेत. नाकाला प्राणवायूची नळी आहे. पाणी काढायचं औषध शिरेतून देताहेत. डॉक्टरीणबाईंनी मला काय काय दिलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी रागावायला हवं होतं, पण त्यांनी ते नुसतं कागदावर लिहून घेतलं. अजून धोका टळलेला नाही म्हणाल्या.

तू सारखी म्हणायचीस की आईचं सगळं मी उचललं. बघ काय उचललं.

तुला मी काय तोंड दाखवू. लोभ वगैरे लिहिण्याचा मला अधिकार नाही.
बटण


२ एप्रिल

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

पंचवीस तारखेच्या माझ्या पत्राला उत्तर नाही. त्यानंतर मी दवाखान्यात फोन लावला, तर कुठल्याशा माणसाने सांगितलं की त्या नावाचा पेशंट आता इथे नाही, आणि फोन ठेवून दिला. नाही म्हणजे काय, हे त्याने सांगितलं नाही. मीही पुन्हा फोन लावला नाही. लावायला भ्याले, खरं सांगते.

अण्णांचं काही बरंवाईट झालं असेल तर तेही लिही. मी वाचीन. पोस्टमन फाटकाशी आला की मी आत पळते आणि तो पुढे गेला की त्याच्यामागे धावते. काल माझ्याकडून सॅलडमध्ये दोनदा व्हिनेगर पडलं. आचाऱ्यांनी ते ताट परत घेतलं आणि मला मागच्या दारी बसवलं.

आणि ऐक. पाणी बदल असं मी लिहिलं, फेक असं लिहिलं नाही. आपल्या घरात पाणी फेकत नाहीत हे मला तुझ्याइतकंच ठाऊक होतं, मीही त्याच आईची मुलगी. ते लिहायला मी विसरले. तेव्हा एकट्याने सगळं डोक्यावर घेऊन बसू नकोस. शनिवारपर्यंत पत्र आलं नाही तर रजा मिळो न मिळो, मी निघते.

दोघांनाही माझी सगळी माया. दोघांनाही.
तुझी,
ताई


५ एप्रिल

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरली असशील तर पहिलं हे वाच, की मी जिवंत आहे. भुतांना एवढी शाई परवडत नाही. माझ्या अंगातून इतकं पाणी काढलं की आमच्या डेपोतल्या सगळ्या बसचे रेडिएटर भरले असते. मग घरी पाठवलं. त्या फोनवरच्या शहाण्याला मी भेटलो की बघून घेतो.

तुझी शेवटची दोन्ही पत्रं मी वाचली. तुझ्या भावाने ती न फोडता माझ्या उशाशी ठेवली होती. मी त्याला सांगितलं होतं की ताईला दोन ओळी टाक. मान डोलावली आणि टाकल्या नाहीत, म्हणून मी पेन उचललं. तो माझ्यासाठी उकडलेलं शिजवतो, प्रत्येक गोष्ट आधी स्वतः चाखून बघतो आणि मगच मला देतो, पण चाखतो तेवढंच, जेवत नाही. घरी येतो, मला भरवतो आणि मशीनपाशी दिवा न लावता बसतो. शर्ट त्याच्याच खांद्यांवरून ओघळायला लागलाय. मी जगलो आणि हा माझ्या डोळ्यांदेखत झिजायला लागला. मला ते बघवेना.

रविवारी तो बाजारात गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा, असं तुझी आई म्हणाली असती. टोमॅटोच्या फोडी विटांसारख्या झाल्या आणि एक काकडी शेगडीखाली गेली ती तिथेच आहे. तुझं पहिलं पत्र समोर ठेवून सगळं केलं. माझ्या ताटात चीज नाही, ऑलिव्ह नाही. त्याच्या ताटात अख्खी वडी ठेवली. तो आला, चीज बघितलं आणि दारातच पांढरा पडला.

मग मी त्याला खरं काय ते सांगितलं, आणि ते तुलाही सांगतो. त्या पावात मीठ आहे हे मला पहिल्या तुकड्यालाच कळलं होतं. जन्मभर ढाब्यांवर जेवलेला माणूस मी, मला मीठ कळणार नाही? मला वाटलं पोराला माझी दया आली, म्हणून चोरून चिमूटभर घालतोय. बोललो असतो तर त्याने बंद केलं असतं. म्हणून गप्प बसलो आणि खात राहिलो. चपला घट्ट झाल्या तेव्हा का ते मला कळत होतं. तरी दुसरा तुकडा मागितला.

ताई, तुझा भाऊ माझ्यावर ओरडला. लहानपणापासून त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. म्हणाला की तो इतके दिवस स्वतःला बापाला मारणारा समजत होता आणि मी तोंड बंद ठेवून चावत होतो. म्हणाला की मी स्वार्थी म्हातारा आहे, मला तुम्हा दोघांपेक्षा चिमूटभर मीठ प्यारं झालं. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. सगळं खरं होतं. मग खुर्ची आपटून बसला आणि रागारागाने जेवायला लागला. आपलं ताट संपवलं, मग माझंही ओढून घेतलं. तोंडात घास असतानाच म्हणाला की टोमॅटो भयंकर चिरलेत. मी उठलो आणि आणखी दोन चिरले. तेही त्याने खाल्ले.

तुलाही माझा राग आला असेल, येऊ दे. रजा मिळाली की ये आणि मला समोर बसवून ओरड. मी ऐकून घेईन.

बाकी सगळं डॉक्टरीणबाईंच्या पथ्याप्रमाणे चालू आहे. लोभाला त्यांनी अजून काही बंदी घातलेली नाही, तेव्हा तो भरपूर असू दे.
तुझे,
अण्णा